आठ नंबरचं डावं चाक

दत्ता,

नौदल तळाच्या फाटकाच्या आत सर आणि फाटकाबाहेर दत्ता, असं आपलं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं ते आठवत नाही. म्हापशाला हायर सेकंडरीत एका बाकावर बसायचो तेव्हा तू डिचोलीचा दत्ता आणि मी पार्श्याचा बाबल. पुढे तू अधिकारी होऊन नौदलात गेलास, मी नौसैनिक म्हणून भरती झालो, आणि दाबोळीच्या तळावर पुन्हा गाठ पडली ती एकाच हेलिकॉप्टरमध्ये. तू पुढे पायलट, मी मागे दारात पडून माणसं वर ओढायचा विंच चालवणारा. पहिल्या दिवशी मी तुला कडक सॅल्यूट ठोकला आणि तू तो इतक्या गंभीरपणे घेतलास की मला हसू आवरेना. संध्याकाळी वास्कोच्या बस स्टँडवर भेटलास तेव्हा म्हणालास, "सॅल्यूट बरो मारता रे तूं. शाळेंत मास्तराक लेगीत इतलो मान दिवंक ना."

आता दत्ताच म्हणतो.

सुमनवयनीचा फोन आला तेव्हा मी काजूच्या बागेत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाली. सकाळचा चहा झाला, तू उठायला गेलास, परत खुर्चीत बसलास आणि संपलं. मी म्हापशाला येऊन डिचोलीची बस धरली. अस्नोड्यापर्यंत मला काही वाटत नव्हतं. खरं सांगतो, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडलोसुद्धा. तुझ्या दारात चपलांचा ढीग बघितला तेव्हा पाय थांबले.

किती माणसं आली होती, दत्ता. ट्रकवाले, नर्सबाया, बँकेतली मुलगी, देवळातले भटजी. सगळी तुझ्याकडे मोटार शिकलेली. निवृत्त होऊन आल्यावर तू बस स्टँडच्या मागे ड्रायव्हिंग स्कूल काढलंस तेव्हा मी तुला नावं ठेवली होती. समुद्रावर हेलिकॉप्टर उडवलेल्या माणसाने मारुतीत बसून "क्लच सोड, हळू सोड" करायचं, हे मला बघवत नव्हतं. तू म्हणायचास, "हात हलको आसूंक जाय, मशीन खंयचेंय आसूं, मारुती वा हेलिकॉप्टर." डिचोलीतल्या बहुतेकांना तू फक्त गाडी शिकवणारे सर. अंगणात एक ट्रकवाला मला विचारत होता, "सर पयलीं मिलिट्रींत आसले मरे? कितें करताले?" मी म्हटलं, "ड्रायव्हरच."

तुला हे उत्तर आवडलं असतं.

गेले काही दिवस मला सारखं आपलं रोजचंच काम आठवतं. सकाळी हवामानवाला फळ्यासमोर उभा राहून ढग किती उंचीवर आहेत ते सांगायचा आणि तू खिडकीतून बाहेर बघून त्याच्याकडे संशयाने पाहायचास. मग आपण आठ नंबरकडे जायचो. तळावर तशी बरीच चेतक हेलिकॉप्टरं होती, पण आठ नंबर आपलं. मी टाकीच्या तळाचं थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून उजेडाकडे धरायचो, पाणी दिसतंय का बघायला. तू एक फेरी मारायचास, नेहमी उजवीकडून सुरू करून, शेपटीच्या पंख्यापाशी थांबून त्याला बोटाने ढकलून बघायचास. बोलायचं नाही, हा तुझा नियम. फेरी चालू असताना कोणी हाक मारली तर तू पहिल्यापासून परत सुरू करायचास. कोचीचा कुरियन, आपला को-पायलट, मुद्दाम हाक मारायचा आणि तू खरंच परत जायचास, चेहऱ्यावर रागाची रेषसुद्धा नाही.

इंजिन चालू झालं की आधी शिटी, मग पाती जड जड फिरायला लागायची, आणि रॉकेलचा तो वास. समुद्रावरून परत आलो की गोड्या पाण्याने मशीन धुवायचं, खारं पाणी पत्र्याला खातं म्हणून. ते काम आमचं, पण तू शर्टाच्या बाह्या दुमडून पाइप धरायचास. वरच्या अधिकाऱ्यांना ते पसंत नव्हतं. तू त्यांना सांगितलं होतंस की उडवताना काय बिघडलंय ते मला धुताना कळतं.

त्याच वर्षांत गोव्यात भाषेचं रण पेटलं होतं. रस्त्यावर झाडं पाडलेली, बसेस बंद, मला पार्श्याहून तळावर पोचायला अर्धा दिवस. तू मराठीच्या बाजूचा, मी कोंकणीच्या. तळावर राजकारण बोलायची बंदी, म्हणून आपण धुण्याच्या वेळी पाण्याच्या आवाजात भांडायचो. तू मराठीची बाजू कोंकणीतून मांडायचास. मी घरी मराठी पेपर वाचून, त्यातले मुद्दे घेऊन कोंकणीसाठी भांडायला यायचो. कुरियन एकदा म्हणाला, तुम्ही दोघं भांडताय हे कळतं, पण दोन वेगळ्या भाषा कुठे आहेत ते मला दाखवा. दोघंही त्याच्या अंगावर धावून गेलो.

हे मराठीतच लिहितोय, बघ. तेवढं तुझ्यासाठी.

पण वाद म्हटला की माझ्या मनात भाषेचा येत नाही. तो आपला हौसेचा वाद होता. खरा वाद खाणीचा.

घटकराज्य झालं त्या वर्षीचा पाऊस. श्रावणाआधीचे दिवस, आठवडाभर उघडीप नव्हती. पावसात खनिज काढायचं काम बंद असतं, पण खड्ड्यात साठलेलं पाणी उपसायला पंप चालू ठेवावे लागतात. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीत खाली उतरणारा रस्ता सकाळी कोसळला आणि पंपावरचे चौघे जण मध्येच अडकले. खाणीच्या भिंतीला पायऱ्या असतात, ट्रक जाईल एवढ्या रुंद. त्यातल्या एका पायरीवर ते उभे, खाली पाणी वाढतंय, वर भिंत सुटतेय. दोर टाकायला कडेला जावं तर कडाच ढासळते. म्हणून तळावर निरोप आला.

आपण निघालो तेव्हा ढग इतके खाली की मांडवीच्या पात्रावरून, बार्जांच्या डोक्यावरून जावं लागलं. पाणी तांबडं.  तुझे वडील त्याच बाजूच्या खाणीवर ट्रक चालवायचे, लहानपणी तू त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून खड्ड्यात उतरला होतास. पावसात ती भिंत कशी सुटते हे आपल्या तिघांत फक्त तुला ठाऊक होतं.

खड्ड्यात उतरताना मला वाटलं आपण कोणाच्या तरी तोंडात शिरतोय. चारी बाजूंना लाल भिंती आणि वर फाटक्या गोधडीसारखं आभाळ. मी दारात पोटावर पडून पट्टा खाली सोडला. पहिला माणूस आला, दुसरा आला, तिसरा आला. तिसऱ्याने आत येता येता माझा हात इतका घट्ट धरला की सोडवताना त्याची नखं लागली. चौथा मात्र पट्टा हातात घेऊन नुसता उभा. मग मला दिसलं, त्याचा उजवा खांदा निखळून हात लोंबत होता. पट्ट्यात दोन्ही काखा दाबून धरल्या नाहीत तर माणूस वरच्या वर सुटतो. मी तुला सांगितलं. तू विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की, सर."

तू मशीन वर घेतलंस. मला वाटलं आपण परत चाललो. पण तू खाणीच्या वर्कशॉपसमोरच्या मोकळ्या जागेत उतरलास, तिघांना खाली केलंस आणि कुरियनला म्हणालास, "तूही उतर. वजन कमी हवंय." कुरियनने बेल्टला हात लावला नाही. "सर, को-पायलटशिवाय?" तू म्हणालास, "हुकूम आहे." तो उतरला. पावसात उभा राहिलेला त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

मग तू मागे वळून बघितलंस. पाती फिरत होती, आणि फाटकाच्या आतला सर बाजूला ठेवून तू मला म्हणालास, "बाबल, हांव चाक तेंकयतलों. तुका देंवचें आसल्यार देंव."

मी म्हटलं, "भिंत कोण पळयतलो? तुका दिसना."

एवढंच झालं. उतरायची मुभा होती, मी उतरलो नाही. तू उजवीकडे बसलेला, भिंत येणार डावीकडे. माझ्या डोळ्यांशिवाय तुला ती दिसणारच नव्हती.

परत खाली गेलो. ती पायरी भिजून लोण्यासारखी झाली होती, पूर्ण मशीनचं वजन तिने धरलं नसतं. तू फक्त डावं चाक तिच्यावर टेकवणार होतास, बाकी सगळं हवेत. वर पात्यांचं टोक आणि भिंत. मी त्या टोकाकडे बघत बोलत राहिलो आणि तू माझ्या आवाजावर मशीन सरकवत राहिलास. वाऱ्याने भिंतीची माती सुटून दारातून आत येत होती. चाक टेकलं तेव्हा धक्का बसला नाही. मला कळलंच नाही, चाकाभोवतीचं चिखलपाणी थरथरलं म्हणून कळलं. मी एका हाताने दाराची कड धरली, दुसऱ्या हाताने त्या माणसाच्या कमरेचा पट्टा पकडला आणि ओढला. तो ओरडला. त्याचा खांदा माझ्या छातीवर आदळला आणि तो आत पडला. "आयलो!" मी ओरडलो आणि तू वर उचललंस. आपण खड्ड्याच्या तोंडापाशी पोचतोय तोवर ती पायरी खाली गेली, असं कुरियनने नंतर सांगितलं. मी बघितलं नाही. मी त्या माणसाला धरून बसलो होतो. दोडामार्गाकडचा, पन्नाशीचा माणूस. तोंडभर लाल माती. माझ्या कानाशी तोंड आणून तो म्हणाला, "पंप बंद करूचो रवलो."

तुला हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी हसण्याचं नव्हतं हे मला तेव्हाही कळलं होतं. 

ते शेवटचे क्षण मी कुठल्या भाषेत बोलत होतो, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. नियमाप्रमाणे इंग्रजी: फॉरवर्ड, लेफ्ट, स्टेडी. मी म्हणतो मी कोंकणीत बोललो, मुखार, दाव्यान, राव राव. तू म्हणायचास, अजिबात नाही, तू शिकवलेलंच बोललास, नाहीतर मला कळलंच नसतं. "कळलं नसतं?" मी विचारायचो. "तुझी आवय खंयचे भाशेंत उलयताली?" तिसरा साक्षीदार नव्हता. तो आपण खाली उतरवला होता.

चौकशी झाली. व्हायलाच हवी होती. आदल्या दिवशी तू मला म्हणालास, "विचारलं तर बघितलंस तेच सांग. मला वाचवायला जाऊ नकोस." त्यांनी तुला विचारलं, पाती आणि भिंत यांत अंतर किती होतं? तू म्हणालास, मला दिसत नव्हतं, माझा माणूस सांगत होता. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नियमात बसतं त्यापेक्षा बरंच कमी. को-पायलटला का उतरवलं? वजनासाठी, तू म्हणालास. फक्त वजनासाठी? तू गप्प राहिलास. तुझं उड्डाण काही काळ बंद झालं, शेरा बसला. पेपरात एवढीच बातमी आली की नौदलाच्या हेलिकॉप्टरने चौघांची सुटका केली. तुझं नाव नव्हतं.

मला संताप आला होता. तुला आला नाही. तू म्हणालास, "बरोबर केलं त्यांनी."

तिथून आपला वाद सुरू झाला तो पार गेल्या गणेशचवथीपर्यंत. मी म्हणायचो, तू केलंस ते बरोबर केलंस. तू म्हणायचास, चूक. मला वाटायचं तू नम्रपणा करतोस. पण तू खरंच तसं मानत होतास. "पातं लागलं असतं तर?" तू विचारायचास. "लागलं नाही," मी म्हणायचो. "तेच. लागलं नाही म्हणून तू शौर्य म्हणतोस. लागलं असतं तर मूर्खपणा म्हणाला असतास. माझा निर्णय दोन्ही वेळी तोच." मी म्हणायचो की चौथ्या माणसाला तिथे सोडून आलो असतो तर तू आयुष्यभर झोपला नसतास. तू म्हणायचास, "माझ्या झोपेसाठी मी तुझा जीव लावला, हे तुला पटतं?" मी म्हणायचो, तू मला विचारलंस, मी नाही उतरलो. तू म्हणायचास, "पाती फिरत असताना विचारलं. त्याला विचारणं म्हणत नाहीत."

यावर मी विषय भाषेवर न्यायचो.

आठ नंबर निवृत्त होऊन प्रदर्शनासाठी चौथऱ्यावर चढल्याचं कुरियनने फोनवर कळवलं तेव्हा आपण दोघं बघायला गेलो. तुझ्याच मारुतीतून, तू चालवत होतास. वास्कोला पोचेपर्यंत सगळ्या रस्त्याने तू इतरांच्या गाडी चालवण्यावर टीका केलीस. आठ नंबरवर नवा रंग मारला होता, अगदी लग्नातल्या नवरीसारखा. पाती दोराने बांधलेली. एक कुटुंब समोर उभं राहून फोटो काढत होतं. तू उजवीकडून फेरी सुरू केलीस. मी हाक मारली नाही. शेपटीचा पंखा हाताला लागत नव्हता, चौथरा उंच होता. तू टाचा उंचावून बघितलंस आणि सोडून दिलंस. डाव्या बाजूला आलास तेव्हा चाकापाशी बराच वेळ थांबलास.

मी म्हटलं, "टायर बदललेला असणार."

"कितलेशेच फावट, इतल्या वर्सांत," तू म्हणालास. मग म्हणालास, "सुमनला मी हे कधी सांगितलं नाही. चाक टेकवल्याचं."

"का?"

"तिने विचारलं नाही."

मला ते उत्तर पुरेसं वाटलं. आपण कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला आणि परत आलो. येताना तू टीका केली नाहीस, एवढं लक्षात आहे.

परवा तुझ्या बाराव्याला जेवणं आटोपल्यावर सुमनवयनीने मला मागच्या पडवीत बोलावलं. सावंतवाडीची बाई, कधी आडवळणाने बोलणं नाही. समोर चहा ठेवला आणि म्हणाली, "भावजी, त्या खाणीत काय झालं ते मला सगळं सांगा. ह्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं होतं."

विचारलं होतं, दत्ता.

मी सगळं सांगितलं. पट्टा, खांदा, कुरियनला उतरवलं ते, मला विचारलं ते, डावं चाक, पायरी खाली गेली ते. मध्ये तिने फक्त एकदा विचारलं, "तुम्हाला उतरायला सांगितलं, आणि तुम्ही उतरला नाही?" मी नाही म्हटलं. चहा निवला होता. मग ती म्हणाली, "त्या सकाळी मी ह्यांना सांगितलं होतं. सुजाता पोटात होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. मी चहा गाळत होते, तेव्हाच सांगितलं. ह्यांनी दोन उंडे पाव जास्तीचे खाल्ले आणि हसत हसत गेले."

मी पडवीच्या खांबाला टेकून बसलो. अंगणात सुजाता निघालेल्या पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवत होती. तुझ्यासारखीच चालते, थोडी पुढे वाकून. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत.

इतकी वर्षं आपण भांडलो आणि हे तू कधी बोलला नाहीस. मला माहीत असतं तर मी वर्कशॉपसमोर तुझी कॉलर धरून सांगितलं असतं, सर, पुरे, परत चला. म्हणून बोलला नाहीस. आणि माझ्या जिवाबद्दल माझ्याशी भांडत राहिलास, कारण दुसऱ्या दोन जिवांबद्दल कोणाशी बोलणार?

वयनीने विचारलं, "तुम्ही सांगा. ह्यांनी बरोबर केलं की चूक?"

या प्रश्नाचं उत्तर मी तुला शंभरदा दिलं असेल. तिच्यासमोर मी कपाकडे बघत राहिलो.

ती उठली, माझ्या पुढचा निवलेला कप उचलला. "बरोबर केलं," ती म्हणाली. "त्या माणसाच्या घरी पण कोणीतरी चहा गाळतच असेल की." मग दारात थांबून म्हणाली, "पण मला सांगायला हवं होतं. मी ओरडले असते. ओरडले असते, आणि मग ऐकलं असतं."

आत जाऊन तिने माझ्यासाठी दुसरा चहा टाकला.

ज्या एका माणसाच्या तोंडून चूक हा शब्द ऐकायला तू घाबरलास, तिने बरोबर म्हटलं, दत्ता. पडवीत फक्त मी होतो. हे ऐकायला तू असायला हवा होतास, म्हणून लिहिलं.

तुझा
बाबल